भिंतीवरच्या तीन रेघा: तिशीतल्या निवृत्तीचा इतिहास

न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर शेअर विश्लेषकाचे काम करणारे जो डॉमिंग्वेझ १९६९ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी निवृत्त झाले. शिल्लक त्यांनी अमेरिकी सरकारच्या रोख्यांत घातली आणि वर्षाला सहा-सात हजार डॉलरमध्ये घर चालवले. विकी रॉबिन यांच्यासह त्यांनी लिहिलेल्या ‘युवर मनी ऑर युवर लाइफ’ (१९९२) या पुस्तकातून ही रीत घरोघर पोचली.

या रीतीचे मर्म भिंतीवर लावायच्या आलेखात होते. खर्चाचा सेंट न् सेंट टिपायचा. वस्तूची किंमत ती कमवायला लागलेल्या तासांत मोजायची, आणि त्या तासांत कामावर जाण्यायेण्याचा वेळही धरायचा. दर महिन्याला मिळकत आणि खर्च असे दोन ठिपके पडत. कालांतराने तळातून तिसरी रेघ वर सरकू लागे, ती गुंतवणुकीच्या उत्पन्नाची. तिने खर्चाची रेघ ओलांडली की नोकरीची गरज संपली. बहुतेकांच्या बाबतीत ती गाठ लवकर पडे ती तिसरी रेघ चढल्यामुळे कमी, खर्चाची रेघ उतरल्यामुळे जास्त.

त्याच सुमारास मेन राज्यातल्या एमी डेसिझिन ‘टाइटवॉड गॅझेट’ (१९९०–९६) या वार्तापत्रातून प्लास्टिकच्या पिशव्या धुऊन पुन्हा वापरण्यापर्यंतची काटकसर शिकवत होत्या. याला कोणी चिक्कूपणा म्हणेल. पण सहा मुलांचे घर त्यांनी त्यावरच उभे केले.

१९८० च्या दशकाच्या आरंभी दहा टक्क्यांहून जास्त असलेले रोख्यांचे व्याज पुढे घसरत गेले आणि या पंथाचा ओढा शेअर बाजाराकडे वळला. जॉन बोगल यांच्या व्हॅनगार्ड या गुंतवणूक कंपनीने १९७६ मध्ये आणलेला इंडेक्स फंड, म्हणजे बाजाराच्या निर्देशांकातले शेअर जसेच्या तसे घेणारा फंड, सुरुवातीला टिंगलीचा विषय होता. आता तोच आधार ठरला. किती रक्कम पुरेल, याचे उत्तर आर्थिक सल्लागार विल्यम बेंगन यांनी १९९४ मध्ये दिले: पहिल्या वर्षी जमेच्या ४ टक्के काढायचे, पुढे महागाईप्रमाणे वाढवायचे. उलट मांडले तर वार्षिक खर्चाच्या २५ पट पुंजी.

डॅनिश भौतिकशास्त्रज्ञ जेकब लुंड फिस्कर यांनी ‘अर्ली रिटायरमेंट एक्स्ट्रीम’ (२०१०) मध्ये ही रीत टोकाला नेली. ते स्वतः वर्षाला सुमारे सात हजार डॉलरवर राहत. इतक्या काटकसरीने किती फरक पडतो, ते पाहा: महागाई वजा जाता ५ टक्के परतावा धरला, तर १० टक्के पगार वाचवणाऱ्याला २५ पट पुंजी साठवायला सुमारे ५१ वर्षे लागतात. ७५ टक्के वाचवणाऱ्याला जेमतेम सात.

मात्र बेंगन यांनी हिशेब मांडला तो साठीनंतरच्या ३० वर्षांसाठी. तिशीत नोकरी सोडणाऱ्याला पन्नास-साठ वर्षे काढायची असतात, आणि त्यासाठी ४ टक्के हा आकडा उसना आहे.