गिटार थेट रेकॉर्ड करताय? आधी इनपुटची सेटिंग बघा

इलेक्ट्रिक गिटार घरी रेकॉर्ड करायला आता ॲम्प आणि माइक लागतोच असं नाही. गिटारची केबल ऑडिओ इंटरफेसमध्ये, इंटरफेस यूएसबीने फोनला किंवा लॅपटॉपला, आणि ॲम्पचा आवाज ॲपमधून. याला डायरेक्ट किंवा डीआय रेकॉर्डिंग म्हणतात. रात्री अकरा वाजता वाजवलं तरी शेजारचे काका दार ठोठावत नाहीत.

पण पहिलं रेकॉर्डिंग ऐकून बऱ्याच जणांचा मूड जातो. आवाज एकतर गोधडीखालून आल्यासारखा दबलेला, नाहीतर चरचरणारा. मग कुणी नवे पिकअप शोधतं, कुणी महागडं प्लगइन घेतं. मित्र मला अशा फाइल्स पाठवतात, आणि बहुतेक वेळा गिटार अगदी ठीक असते. गोची एका बटणाची किंवा एका नॉबची असते. सिग्नल डिजिटल होण्याआधी जे बिघडतं ते नंतर कुठल्याच प्लगइनने नीट होत नाही, म्हणून या दोन गोष्टींवर पाच मिनिटं घालवा.

इन्स्ट बटण: सगळ्यात महत्त्वाचं

इंटरफेसवर ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झेड’ लिहिलेलं बटण असतं, कधी नुसतं गिटारचं चित्र असतं. काही इंटरफेसमध्ये ते बटण नसून ॲपमध्ये सेटिंग असतं. साधी गिटार थेट जोडताना ते चालूच हवं.

कारण असं. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेले बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. सिंगल कॉइल पिकअपचा रोध साधारण ६ हजार ओहम धरा, आणि इंडक्टन्स अडीच हेन्री. इंडक्टन्समुळे सूर जितका उंच तितका अडथळा जास्त. ३ किलोहर्ट्झला, म्हणजे गिटारचा आवाज जिथे चमकतो तिथे, तो ४७ हजार ओहमच्या आसपास जातो. आता समोरचं लाइन इनपुट १० हजार ओहमचं असेल, तर केबलचा परिणाम बाजूला ठेवून ढोबळ हिशोब केला तरी खालच्या सुरांचा साधारण ६० टक्के व्होल्टेज इनपुटला मिळतो आणि चमक असलेल्या भागाचा जेमतेम २० टक्के. गोधडी इथून येते! इन्स्ट दाबलं की इनपुट साधारण १० लाख ओहमचं होतं आणि जवळजवळ सगळा सिग्नल आत येतो. नंतर इक्यूमध्ये ट्रेबल वाढवून ही भरपाई होईल असं वाटतं, पण त्यासोबत खरखरही वाढते आणि पिकअपचा मूळ स्वभाव काही परत येत नाही.

अपवाद दोन. गिटारमध्ये बॅटरीवर चालणारे ॲक्टिव्ह पिकअप असतील, किंवा मध्ये एखादं पेडल चालू असेल, तर सिग्नल आधीच दणकट झालेला असतो. तिथे लाइन इनपुटही चालतं, आणि इन्स्टवर लाल दिवा लागत असेल तर लाइनच बरं.

४८ व्होल्टचं बटण कंडेन्सर माइकसाठी असतं, बंद ठेवा. ‘एअर’सारखी आवाज उजळ करणारी बटणंही रेकॉर्डिंगच्या वेळी बंद. उजळपणा नंतर देता येतो.

गेन किती?

‘लाल दिवा लागायच्या अगदी आधीपर्यंत गेन वाढवा’ हा सल्ला सगळीकडे दिसतो. मला तो पटत नाही. १६ बिटच्या काळात हळू रेकॉर्ड केलं तर खरखर डोकं वर काढायची, म्हणून तो ठीक होता. आज स्वस्तातला इंटरफेसही २४ बिटचा असतो. मीटरवर वरून १२ डेसिबल जागा मोकळी सोडली तरी काहीही हरवत नाही. उलट ०च्या वर गेलात की लाटेचं टोक कापलं जातं आणि तो टेक गेला.

गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण, ब्रिजचा पिकअप निवडा आणि सगळ्यात जोरात वाजवा. नुसता हलका कॉर्ड नको, खालच्या ई तारेवर पाम म्यूट करून दणके द्या. सर्वांत उंच टोक उणे १२ ते उणे १० डेसिबलवर थांबेल इतका गेन ठेवा. रेड लाइट दिसल्यावर रेकॉर्डिंगच्या जोशात आपण जास्त जोरात वाजवतो हे गृहीत धरा. गेन सगळ्यात खाली असूनही क्लिप होत असेल तर पॅड बटण वापरा, ते नसेल तर पिकअप तारांपासून थोडा खाली घ्या.

ॲम्पचं ॲप वापरणाऱ्यांसाठी आणखी एक मुद्दा. तिथे गेन म्हणजे नुसता मोठा आवाज नाही. जास्त सिग्नल गेला की खऱ्या ॲम्पसारखंच डिस्टॉर्शन वाढतं. त्यामुळे एकाच प्रीसेटवर तुमच्या मित्राचा क्लीन टोन तुमच्याकडे फाटलेला येऊ शकतो. क्लिप झालेलं नसेल तर ॲपच्या इनपुट नॉबने पातळी वरखाली करा, परिणाम इंटरफेसवर केल्यासारखाच मिळतो. नॉबची जागा एकदा ठरली की मार्करने खूण करा, म्हणजे पुढच्या आठवड्यातला टेक आजच्या टेकशी जुळेल.

कच्चा डीआय ट्रॅक नेहमी जपून ठेवा. माझ्या कामाच्या भाषेत तो सोर्स कोड आहे, ॲम्पचा टोन म्हणजे त्यातून काढलेला बिल्ड. ट्रॅक मोनो घ्या. स्टिरिओ घेतलात तर गिटार एकाच कानात वाजेल.

फोनवर करताना

गिटारची केबल साध्या कन्व्हर्टरने फोनच्या हेडफोन जॅकला जोडू नका. ते इनपुट हेडसेटच्या माइकसाठी असतं, १० लाख ओहम सोडाच. गिटारसाठीचा ॲडॉप्टर किंवा यूएसबी इंटरफेसच घ्या. इंटरफेस सुरूच होत नसेल तर फोनकडून वीज कमी पडत असू शकते. अशा वेळी बाहेरून वीज देणारा हब उपयोगी पडतो.

ब्लूटूथ हेडफोन अजिबात नकोत. त्यांचा उशीर बऱ्याचदा १०० मिलिसेकंदांच्याही वर असतो, वाजवणं अशक्य होतं. वायरवाले वापरा. ॲपमध्ये बफर निवडता येत असेल तर ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पल, म्हणजे २.७ मिलिसेकंद. खरा एकूण उशीर याहून जास्त असतो, तरी घाबरू नका, ॲम्पपासून ३ मीटरवर उभं राहिलं तरी आवाज पोचायला ९ मिलिसेकंद लागतात. कडकड आवाज आले तर २५६ करा. मिक्सिंगला १०२४ ठेवलं तरी हरकत नाही. ॲपमधून ऐकताना इंटरफेसचा डायरेक्ट मॉनिटर बंद करा, नाहीतर कोरा आणि प्रोसेस केलेला असे दोन्ही आवाज एकावर एक येतील.

सगळं नीट करूनही घूं असा आवाज येतोय? लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. भाड्याच्या जुन्या खोल्यांत सॉकेटला अर्थिंग नसणं नवीन नाही. आवाज गेला तर टेकपुरतं बॅटरीवर चालवा आणि इलेक्ट्रिशियनला अर्थिंग तपासायला सांगा. नाही गेला आणि पिकअप सिंगल कॉइल असेल, तर खुर्चीवर हळूहळू फिरत, ॲडॉप्टर आणि स्क्रीनपासून लांब, आवाज सगळ्यात कमी होईल त्या दिशेला तोंड करून वाजवा.