कंसातली रेल्वे

आमच्या गावाच्या नावाला कंसात शेपूट आहे: सिंदी (रेल्वे). वर्ध्यालगतच्या सिंदी (मेघे)शी गफलत होऊ नये एवढ्यासाठी ते असेल. पण ते फुकटचे नव्हे.

१८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. जी. आय. पी. ची आगगाडी नागपूरला पोचली १८६७ साली. तोवर युद्ध संपून भावही कोसळला होता! पुढे १९१८ सालचा इन्फ्लुएंझा मुंबईहून रुळांच्याच वाटेने देशात शिरला, आणि मध्यप्रांतात त्याने भयंकर माणसे नेली.

२०२० च्या मार्चात उतारूंच्या गाड्या थांबल्या, मालगाड्या मात्र धावत राहिल्या. शाळा बंद; रात्री अंगणात बाज टाकून मी नुसता डबे मोजीत पडे. माणूस कोंडलेला आणि वाघिणी मोकळ्या!

साथ पुरती ओसरली नव्हती, तोच ऑक्टोबर २०२१ मध्ये करार झाला. समुद्रकाठचे जवाहरलाल नेहरू बंदर आणि राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाची कंपनी यांनी मिळून सिंदीला मालाचे मोठे तळ उभारायचे. सुक्या बंदराची कल्पना त्याआधीचीच. मला आनंद झाला. पण १८६७ सालही आठवले.

वर्गात पोरांनी विचारले, ‘‘गुरुजी, पाणी नाही तर बंदर कसलं?’’ मी फळ्यावर पेटी काढली. कस्टमची तपासणी इथेच उरकायची, सील ठोकायचे, की पेटी थेट जहाजावर! मागच्या बाकावरचा कास्तकाराचा पोरगा म्हणाला, ‘‘मग आमच्या कापसाले भाव किती भेटंल जी?’’

मी खडू खाली ठेवला.