पितळखोऱ्यातला सोनार

सोनगीर माझं आजोळ. मुंबई-आग्रा रस्त्यावर, किल्ल्याच्या पायथ्याशी. नावात सोनं, पण कीर्ती तांब्यापितळेच्या भांड्यांची. लहानपणी मे महिन्यात आम्हाला कोंबडा उठवत नसे, मामांची हातोडी उठवायची. पुढे स्टील आलं आणि ती ठकठक पुष्कळशी थंडावली.

परवा दोनच दिवसांसाठी गेलो, त्यातला एक पितळखोऱ्याच्या बौद्ध लेण्यांना दिला. नाव ऐकताच मामाही पिशवी घेऊन निघाले. चाळीसगाव, कन्नडचा घाट, आणि मग दरीत उतरणाऱ्या पायऱ्या. त्या मामांच्या गुडघ्यांनी मोजल्या. लेणी चौदा. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात कोरायला घेतलेली. एका विहाराच्या जोत्याला दगडी हत्तींची रांग. मामांनी हत्ती पाहिले, चैत्यगृह पाहिलं आणि विचारलं,

"भाचा, आठे पितय कोठे शे?"

माझं पितळ तिथंच उघडं पडलं! ते झाकायला मी व्याख्यान सुरू केलं. चैत्यगृहाच्या खांबावर पैठणच्या मित्रदेवाचं नाव आहे. घराणं सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचं. विहारात राजवैद्य मगिलाच्या घरच्यांची नावं आहेत. सगळे दान देणारे.

"म्हणजे आमच्या हंड्यावर टोचतात तसंच," मामा म्हणाले. "पैसे देणाऱ्याचं. करणाऱ्याचं कुठंय?"

हा प्रश्न माझ्या व्याख्यानात नव्हता. उत्तर मात्र नशिबानं ठाऊक होतं. १९५०च्या दशकात इथल्या उत्खननात एक यक्ष निघाला. बुटका, ढेरपोट्या, तोंडभर हसणारा, डोक्यावर वाडगं धरलेला. त्याच्या हातावर कोरलंय, की हा कण्हदास सोनारानं केला.

"सोनारानं? दगडात?" मामा उभे राहिले. गुडघे विसरून. "दाखव."

"तो दिल्लीला आहे. राष्ट्रीय संग्रहालयात."

मामा माझ्याकडे असं पाहू लागले, जसं गिऱ्हाईक पोचा पडलेल्या घागरीकडे पाहतं. परतीच्या बसमध्ये घाट उतरेपर्यंत एक शब्द नाही. मग एकदम म्हणाले, "हातावरच कोरलं ना? पायाशी नाही?"

"हातावर."

"बरं केलं."

दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी एक पितळी तांब्या हातात ठेवला. उलटा करून पाहिला, तर बुडाशी टिंबाटिंबांनी मामांचं नाव. ताजं.

"आणि माझं?"

"तू कुठं पैसे दिले?"