बल व दाब

बल व दाब या भौतिकशास्त्रातील परस्परसंबद्ध संकल्पना आहेत. वस्तूला ढकलणारी अथवा ओढणारी आंतरक्रिया म्हणजे बल, तर एकक क्षेत्रफळावर लंब दिशेने प्रयुक्त होणारे बल म्हणजे दाब होय. महाराष्ट्रात इयत्ता आठवीच्या सामान्य विज्ञानात हा विषय अभ्यासला जातो. पुढील उदाहरणे मुख्यत्वे नंदुरबार जिल्ह्यातील शहादा परिसरातील आहेत.

बल

बल ही सदिश राशी आहे. तिला परिमाण आणि दिशा दोन्ही असतात. १ किलोग्रॅम वस्तुमानात १ मीटर प्रति सेकंद वर्ग इतके त्वरण निर्माण करणारे बल म्हणजे १ न्यूटन. बैल गाडी ओढतात तेव्हा संपर्क बल कार्य करते. गुरुत्वीय व चुंबकीय बले मात्र संपर्काविना कार्य करतात.

दाब

दाब = बल ÷ क्षेत्रफळ

दाबाचे एकक पास्कल (१ न्यूटन प्रति चौरस मीटर) असून ते फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल (१६२३–१६६२) याच्या नावावरून आले आहे. बल तेच राहिले तरी क्षेत्रफळ बदलताच दाब बदलतो. ऊसतोडीच्या कोयत्याला धार लावली की क्षेत्रफळ घटते व दाब वाढतो. डोक्यावरील हंड्याखाली चुंबळ ठेवल्यास भार मोठ्या क्षेत्रावर पसरतो. वजन तेवढेच राहते, परंतु टोचणे थांबते. ओल्या काळ्या जमिनीत लोखंडी धावेचे अरुंद चाक रुतते, ट्रॅक्टरचे रुंद टायर तुलनेने कमी रुतते, याचेही कारण हेच.

द्रवाचा दाब

द्रवाचा दाब खोली, घनता व गुरुत्वीय त्वरण यांच्या गुणाकाराइतका असतो. पाण्यात ५ मीटर खोलीवर तो सुमारे ४९,००० पास्कल भरतो, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर जवळपास ५ टन वजनाइतके बल. तापी नदीवर प्रकाशा व सारंगखेडा येथे बॅरेज आहेत. अशा बॅरेजच्या दरवाजावर वरच्या भागापेक्षा तळाशी अधिक दाब असतो. पाणी मागे किती लांबवर पसरले आहे यावर हा दाब अवलंबून नसतो, केवळ खोलीवर असतो.

वातावरणीय दाब आणि विहीर

समुद्रसपाटीवर हवेचा दाब सुमारे १,०१,३२५ पास्कल असतो. इटालियन शास्त्रज्ञ तोरिचेल्ली याच्या १६४३ च्या विचारानुसार हाच दाब नळीतील पाऱ्याचा स्तंभ तोलून धरतो. पाऱ्याचा असा स्तंभ ७६ सेंटिमीटर, तर पाण्याचा सुमारे १०.३ मीटर उंच असतो.

काठावरील पंप पाणी ओढतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात पंप नळीतील दाब कमी करतो आणि बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते. त्यामुळे पाणी १०.३ मीटरपेक्षा खोल गेल्यास कितीही अश्वशक्तीची मोटर काठावर बसवली तरी शोषणाने पाणी चढत नाही. व्यवहारात ही मर्यादा ७ ते ८ मीटरच असते. भूजल खालावल्यावर मोठी मोटर घेण्याचा खर्च म्हणूनच व्यर्थ ठरू शकतो. मोटर विहिरीत खाली उतरवणे अथवा पाणबुडी पंप बसवणे हा उपाय होय. पाणबुडी पंप पाण्याला खालून वर ढकलतो, त्यामुळे त्याला ही मर्यादा लागू होत नाही.

उंचीनुसार हवेचा दाब घटतो. सातपुड्यातील सुमारे १,१५० मीटर उंचीच्या तोरणमाळ येथे तो समुद्रसपाटीपेक्षा अंदाजे एक अष्टमांशाने कमी असतो. तेथे पाणी सुमारे ९६ अंश सेल्सिअसला उकळते आणि उघड्या भांड्यात डाळ शिजण्यास अधिक वेळ लागतो.

हेही पहा

* आर्किमिडीजचे तत्त्व
* न्यूटनचे गतिविषयक नियम
* तापी नदी