गोंधळात आपली जागा कुठे?

१८८१ साली पॅरिसच्या वीज-प्रदर्शनात लोक ऑपेरा ऐकत होते, तेही ऑपेरागृहात पाऊल न टाकता. क्लेमाँ आदेर या अभियंत्याने रंगमंचाच्या पुढच्या कडेला डावी-उजवीकडे टेलिफोनचे प्रेषक मांडले होते. श्रोत्याला दोन रिसीव्हर मिळत, प्रत्येक कानाला एक. गायक मंचावर सरकला की त्याचा आवाजही सरके.

आपल्याकडे १९०२ साली फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यात ध्वनिमुद्रणासाठी आला, तेव्हा सगळे गाणे एकाच कर्ण्यातून तबकडीवर उतरत होते. आवाज टिकला, जागा गेली. पुढे मायक्रोफोन आला, रेडिओ आला, तरी बराच काळ आवाज एकाच वाटेने घरात येत राहिला.

जागा कळते कशी? उजवीकडचा आवाज डाव्या कानाला किंचित उशिरा पोहोचतो, फार तर सेकंदाचा दीड हजारावा भाग. शिवाय डोक्याच्या आडोशाने तो थोडा मंदही होतो. लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये हे नीट मांडले. पण पुढचे-मागचे आणि वरचे-खालचे ओळखायला कानाच्या बाहेरच्या घड्या लागतात. साध्या स्टिरिओत त्यांची खूण नसते, म्हणून हेडफोनवर गाणे डोक्याच्या आतच वाजल्यासारखे वाटते.

१९३३ च्या शिकागो प्रदर्शनात बेल कंपनीने ‘ऑस्कर’ नावाचा पुतळा बसवला, कानांजवळ मायक्रोफोन लावून. १९७३ मध्ये जर्मनीच्या नॉयमान कंपनीचे कृत्रिम डोके आले. ऐकणारा पुतळ्याच्या जागी जाऊन बसतो. अडचण एवढीच की कान पुतळ्याचे असतात. आपल्या घड्या वेगळ्या असल्या, तर समोरचा आवाज पाठीमागून आल्यासारखा भासतो.

हे सारे वाचताना मला आमच्या कोल्हारातला गोंधळ आठवतो. नायक पुढे येऊन आख्यान लावतो, साथीदार मध्येच प्रश्न टाकतो. संबळ एका अंगाला, तुणतुणे दुसऱ्या, आणि भोवती बसलेली घरची माणसे. एका मायक्रोफोनने टिपले तर शब्द उरतात, पण कोण कुठून बोलले ते हरवते, आणि हरवलेले ते नंतर कुठल्याही यंत्राने खात्रीने परत आणता येत नाही.

त्यासाठी महागडा पुतळाही नको. बैठकीतल्याच कुणाच्या तरी दोन्ही कानांशी छोटे मायक्रोफोन लावावेत आणि ती व्यक्ती कुठे, कोणीकडे तोंड करून बसली होती, ते वहीत लिहून ठेवावे. गोंधळ घालणारे हात अजून आहेत तोवर हे व्हायला हवे. मग नातवंडांना आख्यान ऐकायला मिळेल, आणि त्या बैठकीत बसायला जागाही.