कार्यशाळेतील उजेड

शाळेचा इतिहास इमारतींत आणि निकालांत शोधला जातो. तो दिव्यांतही असतो. आपल्या कार्यशाळेत वर्षानुवर्षे ट्यूबलाइट होत्या. त्यांच्या स्टार्टरची उघडझाप आणि चोकची गुणगुण माजी विद्यार्थ्यांना आजही आठवत असेल.

अमेरिकेत १९३८ साली बाजारात आलेल्या या दिव्याने बल्बपेक्षा कमी विजेत अधिक प्रकाश दिला. परंतु साध्या चोकवर, आपल्या ५० हर्ट्झच्या विजेत, तो सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतो. डोळ्यांना हे जाणवत नाही. मात्र ठरावीक गतीने फिरणारा लेथचा चक त्या उजेडात स्थिर भासू शकतो. म्हणूनच ‘यंत्र थांबले की नाही, हे नुसत्या नजरेने ठरवू नका’ हा कार्यशाळेतील पहिला धडा.

निळ्या एलईडीमुळे पांढरा एलईडी प्रकाश शक्य झाला. त्यासाठी अकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडेही ट्यूब उतरल्या. चोकसह सुमारे ५० वॅट लागत, तेथे २० वॅट पुरले. उतरवलेल्या ट्यूबमध्ये पारा असल्याने त्या न फोडता वेगळ्या ठेवल्या. मात्र सदोष ड्रायव्हरचा एलईडीही लुकलुकतो. दिवे बदलले, पहिला धडा तोच राहिला आहे.