चित्रपटांतील युद्धविमानें: साधन कीं देखावा?

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस १९३८ सालीं वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले व ९ डिसेंबर १९४२ रोजीं तेथेंच वारले. त्यांच्यावर व्ही. शांताराम यांनीं १९४६ सालीं ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला. अशा युद्धपटांस इतिहासाचें साधन मानावें काय?

आमच्या मतें त्यांची योग्यता बखरीइतकी धरावी. प्रस्तुत चित्रपट ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावर आधारलेला. म्हणजे घटना व पडदा यांमध्यें दोन हात आले. विमानांविषयीं तर विशेष सावधपणा हवा. कोटणीसांच्या मृत्यूपूर्वीं सहाच दिवस, ३ डिसेंबर १९४२ रोजीं, पर्ल हार्बरच्या हल्ल्यावरील जपानी चित्रपट प्रदर्शित झाला. त्यांतील हल्ल्याचा देखावा त्सुबुराया यांनीं लहान प्रतिकृतींनीं उभा केला होता. १९६९ च्या ‘बॅटल ऑफ ब्रिटन’मध्यें रेडिओनें चालणाऱ्या प्रतिकृती उडविल्या, जर्मन मेसरश्मिट म्हणून दाखविलेलीं विमानें स्पेनमध्यें बांधलेलीं, ब्रिटिश मर्लिन इंजिनाचीं होतीं. अस्सल मेसरश्मिटच्या नाकाडावर धूर सोडणाऱ्या नळ्यांची रांग खालीं असते, यांत ती वर दिसते. कागद व वळण यांवरून बनावट सनद ओळखावी, तसाच हा प्रकार.

तथापि बनावट सनदही ती करणाऱ्याच्या काळाचा अस्सल पुरावा असते. म्हणून चित्रपट जपावे. परंतु घटनेचा निर्णय समकालीन पत्रांवरूनच करावा. सोलापुरांत ज्यांच्या संग्रहीं १९३८ ते १९४२ मधील असे कागद असतील, त्यांनीं ते प्रसिद्ध करावे.